बिनसावलीचा पट

मोबाईलवर गोळ्या फोडण्यात तानुबाईंचा हात धरणारं पिंगळीत कुणी नव्हतं. लाल, निळ्या, हिरव्या, पिवळ्या गोळ्यांचा तो गेम. एका रंगाच्या तीन शेजारी आल्या की फुटायच्या, वरच्या खाली घसरायच्या, आणि पट साफ झाला की पुढची पायरी. गुडघ्यानं त्यांना बाजेवर बसवलं तेव्हा वेळ जावा म्हणून सून राजेश्रीनंच त्यांना हा गेम शिकवला होता. आता सून कुठल्या कुठं मागं राहिली होती, आणि भाजी करता करता तीच बाजेकडं हाक मारायची, "आत्याबाई, इथं अडकले बगा. कंची हलवू?"

सुरुवातीला मात्र फोन तानुबाईंच्या बोटांना दाद देत नव्हता. उभं आयुष्य ऊसतोडीला गेलेलं. बोटांची कातडी कोयत्याच्या मुठीसारखी गुळगुळीत आणि कोरडी. दहादा टेकवावं तेव्हा एखादी गोळी हलायची. राजेश्रीनं त्यावर विज्ञानाचा एक व्हिडिओ शोधला. काचेला दाब कळत नाही, बोटाच्या ओल्या, जिवंत कातडीतली बारीकशी वीज कळते, हे तिनं सासूला समजावलं आणि बाजेशेजारी पाण्याची वाटी ठेवली. बोट किंचित ओलं करायचं, पुसायचं, मग टेकवायचं. त्या दिवसापासून तानुबाईंना अडवणारी पायरी क्वचितच यायची.

राजेश्रीचे नादच असे होते. बारावीला सायन्स होतं, पुढं शिकायचं राहून गेलं, पण 'असं का होतं' हा प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. तव्यावरचा पाण्याचा थेंब का नाचतो, रेल्वेचा रूळ दुपारी लांबून ओला का दिसतो, हे ती शोधून काढायची आणि मग त्याचा फोटो काढायची. कॅमेऱ्याच्या काचेवर पाण्याचा एक थेंब ठेवून तिनं तुरीच्या फुलावरची मुंगी काढली होती. मुंगी म्हशीएवढी दिसत होती. नवरा रामहरी रानातून आला की पाणी द्यायच्या आधी फोन त्याच्यापुढं यायचा. तो निवांत बघायचा आणि म्हणायचा, "भारी हाय. आता पाणी दे."

पण एका फोटोचं तिला शल्य होतं.

मागच्या मे महिन्यात ती विज्ञानाच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये होती. मराठवाड्यातले शिक्षक, विद्यार्थी, हौशी माणसं असा तो ग्रुप. तिथंच तिला शून्य सावलीचा दिवस कळला. वर्षातून दोनदा सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली गडप होते. जुलैतला दिवस आपल्याकडं बहुतेक ढगांत जातो, म्हणून मेमधलाच खरा. राजेश्रीनं अंगणात तेलाची उभी बाटली ठेवून फोटो काढला. आजूबाजूला कशालाच सावली नव्हती. बाटली जणू कागदावर चिकटवलेली. तिनं तो मोठ्या हौसेनं ग्रुपवर टाकला.

ग्रुप चालवणारे सिद्धोधन सर नांदेडकडच्या कॉलेजात शिकवायचे. त्यांनी विचारलं, "एडिट केलेला वाटतोय. मूळ फोटो आहे का?" मूळ फोटो नव्हता. फोनमध्ये जागा नव्हती म्हणून कडा कापलेली प्रत ठेवून तिनं तो पुसून टाकला होता. सरांनी तिचा फोटो काढून टाकला. ते काही वाईट बोलले नाहीत, पण खाली दोघातिघांनी हसण्याची चित्रं टाकली. राजेश्रीनं फोन पालथा ठेवला आणि उगीचच घासलेली भांडी परत घासली.

यंदा मे लागला तसं तिच्या मनात ते सगळं पुन्हा वर आलं. पुण्यातल्या एका विज्ञानसंस्थेची छायाचित्र स्पर्धा होती आणि विषय होता 'आपलं आकाश'. असा फोटो काढायचा की कुणाला खोटा म्हणायची सोयच राहू नये, एवढं तिचं ठरलं होतं. कसा, ते ठरत नव्हतं.

उत्तर मिळालं ते सासूच्या खांद्यावरून. तानुबाई बाजेवर गेम खेळत होत्या, राजेश्री मागं उभी राहून बघत होती. आणि तिच्या ध्यानात आलं की गेममधल्या गोळ्यांना सावलीच नाही. म्हणून तर त्या अशा सपाट, रंगवल्यासारख्या दिसतात. वरून बघितलं आणि सावली काढून घेतली, की खरं जगसुद्धा असंच दिसेल.

"आत्याबाई," ती म्हणाली, "आपण हा गेम खरा केला तर? गावातल्या बाया ओळीनं उभ्या करायच्या. परतेकीच्या डोक्यावर रंगीत टब. आन् वरून फोटू."

तानुबाईंनी चाल पूर्ण केली, तीन निळ्या फोडल्या आणि मगच मान वर केली. "मे महिन्यात? भर दुपारी?"

"तव्हाच तर सावली जाती."

"मी जलमभर सावली हुडकत हिंडले," तानुबाई म्हणाल्या, "आन् तू ती घालवायला निगालीस." पण त्यांच्या डोळ्यांत गेम सुरू झाला होता, हे राजेश्रीला दिसलं.

हरिओम हा राजेश्रीचा मावसभाऊ. परभणीत लग्नाचं शूटिंग करायचा आणि त्याच्याकडं ड्रोन होता. "ताई, ऊन लय हाय, पण येतो," तो फोनवर म्हणाला. बचत गटाच्या बबितानं बायका जमवायचं अंगावर घेतलं. घरोघर प्लॅस्टिकचे टब होतेच. ज्यांच्याकडं रंग कमी पडत होता त्यांनी शेजारणीकडून अदलाबदल केली. राहिली जागा. मातीच्या पटांगणात रंग उठून दिसले नसते. पांढुरकं, सपाट सिमेंटचं मोठं खळं गावात एकच होतं, आणि ते भुजंगरावांचं. भुजंगराव म्हणजे रामहरीचे थोरले चुलतभाऊ. माणूस वाईट नाही, पण कुठल्याही गोष्टीला आधी नाही म्हणायची सवय.

"माज्या खळ्यावर गेम खेळणार का तुमी?" ते म्हणाले. "लोक हसतेल. बाया उन्हात भोवळ येऊन पडतेल. न्हाई जमायचं."

राजेश्री पदर सावरून उभीच राहिली. तिच्यासोबत आलेल्या तानुबाई मात्र खाली बसल्या, भुजंगरावांच्या हातातल्या फोनकडं नजर टाकली आणि म्हणाल्या, "भुजंगा, तू बी ह्योच खेळायलास की."

भुजंगरावांनी फोन खिशात घालायचा प्रयत्न केला.

"अडकलास व्हय? दाव इकडं."

ते जवळजवळ महिनाभर एकाच पायरीवर अडकलेले निघाले. तानुबाईंनी पाणी मागितलं. भुजंगरावांना वाटलं प्यायला. तानुबाईंनी त्यात बोट बुडवलं, पदराला पुसलं आणि पुतण्याची ती पायरी त्याच्यादेखत साफ करून दिली. पट फुटून रंगांची उधळण झाली तेव्हा भुजंगराव चांगलेच पुढं वाकले होते.

"पुढची बी अशीच अवघड हाय का?" त्यांनी विचारलं.

"खळं दे, मग शिकवते."

खळं मिळालं. त्यावर भुजंगरावांनी आपणहून ते धुऊन द्यायचं कबूल केलं, आणि कडुलिंबाच्या झाडाखाली माठ भरून ठेवायचंही.

आता पट मांडायचा होता. त्यासाठी तानुबाईंनी एक परात पालथी घातली आणि सुनेकडून रंगीत टिकल्यांची पाकिटं मागवली. एकेक टिकली चिकटवत, उचलत, परत चिकटवत त्यांचा सगळा दिवस गेला. राजेश्रीला वाटलं होतं की रंग कसेही मांडले तरी चालतील.

"कसे बी कसे चालतेल?" तानुबाई म्हणाल्या. "तीन लाल शेजारी आले तर बघणारा म्हणंल, ह्ये फुटलं कामून न्हाई? खेळणाऱ्याला खोटं लगेच कळतं." मग एका कोपऱ्याकडं बोट दाखवून त्या म्हणाल्या, "आन् इथं एक चाल ठेवली हाय. ह्यो पिवळा एक घर सरकला की तीन व्हत्यात. फकस्त एकच. बघणाऱ्याचं बोट शिवशिवलं पायजे."

राजेश्री परातीकडं बघत राहिली. तिनं सावलीचा विचार केला होता, उन्हाचा केला होता. बघणाऱ्याच्या बोटाचा विचार तिच्या डोक्यात आला नव्हता.

ठरलेल्या दिवशी सकाळपासून आभाळ स्वच्छ होतं. बायका अकरानंतर यायला लागल्या. काहीजणी नव्या लुगड्यात, काहीजणी लेकीसुनांना घेऊन. बबिता परात हातात धरून प्रत्येकीला तिची जागा दाखवत होती. खळ्यावर खडूनं खुणा केल्या होत्या. वेळ होईपर्यंत सगळ्या लिंबाखाली बसल्या, ताक प्यायल्या, आणि एकमेकींच्या टबांच्या रंगांवरून एकमेकींना चिडवत राहिल्या. भुजंगराव लांब उभे होते. थोड्या वेळानं तेच माठातून तांब्या भरभरून पाणी देताना दिसले.

राजेश्रीनं सगळ्यांना समजावून सांगितलं. फार वेळ उभं राहायचं नाही. टब चुंबळीवर सरळ ठेवायचा, उताणा, तोंड आभाळाकडं. "सूर्य जरासा बी तिरपा असला तर टबात एका बाजूला सावली पडती, चंद्रकोरीसारखी. ती बारीक बारीक व्हत जाईल आन् मग न्हाईशी व्हईल. तव्हा फोटू."

"आन् आमाला ऊन?" एकीनं विचारलं.

"तुमच्या डोक्यावर टब असंल. त्याची सावली तुमच्याच अंगावर."

"म्हंजी परतेकीला मपली मपली सावली," दुसरी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

"आणखी एक सांगते," राजेश्री म्हणाली. आवाज थोडा थरथरत होता, पण तिनं बोलणं सोडलं नाही. "दिल्लीतल्या माणसाच्या डोक्यावर सूर्य कव्हाच बरोब्बर येत न्हाई. जलमभर त्याची सावली कुण्या ना कुण्या बाजूला पडलेलीच. आपल्याला ह्ये वर्षातून दोनदा मिळतं, पिंगळीत बसून."

हे बायकांना फार आवडलं. एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "दिल्लीवाल्याला न्हाई म्हणं." तेवढ्यावर ती उन्हात जायला उठलीसुद्धा.

बाराच्या पुढं सगळ्या आपापल्या खुणेवर उभ्या राहिल्या. गुडघा दुखत असतानाही तानुबाई पिवळा टब घेऊन मधोमध उभ्या होत्या. त्यांना बाजूला बसा म्हणायची कुणाची छाती नव्हती. हरिओमनं ड्रोन उडवला. भुणभुण करत तो खळ्याच्या मध्यावर जाऊन थांबला. राजेश्री छपराखाली हरिओमजवळ उभी राहून त्याच्या पडद्यात बघत होती.

पट दिसला. लाल, निळे, हिरवे, पिवळे गोल, ओळीत, पांढऱ्या सिमेंटवर. प्रत्येक टबात एक काळी चंद्रकोर होती, आणि सगळ्या चंद्रकोरी एकाच दिशेला. त्या खरोखरच बारीक व्हायला लागल्या. नखाएवढ्या. मग दोऱ्याएवढ्या.

आणि नेमक्या त्याच वेळी पडद्याच्या मधोमध एक काळा डाग आला.

"ह्ये काय आलं?" राजेश्रीनं विचारलं.

हरिओमचा चेहरा उतरला. "ताई, ही ड्रोनची सावली हाय. काल सकाळी बघितलं तव्हा बाजूला पडायली व्हती. आता सूर्य, ड्रोन आन् खळं, समदं एका रेषेत."

सावली नसलेल्या फोटोत एकच सावली, तीही बरोबर तानुबाईंच्या पिवळ्या टबात. पंख आणि पोट, एखाद्या कोळ्यासारखी. हरिओमनं ड्रोन बाजूला सरकवला तर डाग टबातून निघून सिमेंटवर पडला आणि ओळी तिरक्या झाल्या. कडेच्या बायकांचे चेहरे, लुगडी टबाखालून डोकावू लागली. त्यानं तो परत मध्यात आणला. डाग परत टबात.

"दोनचार मिंटाचा खेळ हाय, मग चंद्रकोरी परत येतेल," हरिओम म्हणाला. "मी घरी गेल्यावर कॉम्प्युटरवर पुसतो. कुणाला कळायचं न्हाई."

"न्हाई," राजेश्री म्हणाली. "पुसायचं असतं तर ह्या बायांना उन्हात कामून आणलं असतं?"

तिनं डोळे मिटले. बाहेर बायका तशाच उभ्या होत्या, एकही हलत नव्हती. सावली कशानं पडते? मधे काही आडवं आलं की. पण मधे येणारं सगळंच सावली पाडतं का? तिला घारी आठवल्या. कोंबडीच्या पिलांवर खाली झेपावणाऱ्या घारीची सावली अंगणातून सर्रकन जाते. पण उंच आभाळात फिरणाऱ्या घारीची सावली तिनं कधी पाहिली नव्हती. कुणीच पाहिली नव्हती. सूर्य काही टाचणीचं टोक नाही. तो चांगला रुंद आहे. लहानशी वस्तू उंच गेली की सूर्याला झाकायला पुरत नाही, चारी बाजूंनी उजेड आत येतो आणि सावली विरून जाते. हे तिनं कुठल्या तरी ग्रहणाच्या व्हिडिओत बघितलं होतं, घारीचं मात्र तिचं तिनं जोडलं.

"हरिओम, वर घे."

"कशाला?"

"घार उंच गेली की तिची सावली पडती का? वर घे. अजून वर."

"ताई, वर वारा हाय. आन् बाया बारीक दिसतेल."

"दिसू दे. नंतर कडा कापता येतील. तू वर घे."

हरिओमनं तिच्याकडं एकदा पाहिलं आणि अंगठा पुढं रेटला. ड्रोनची भुणभुण बारीक होत गेली. पडद्यात पट आक्रसू लागला, आणि मधला डाग फिका पडायला लागला. काळ्याचा करडा झाला. करड्याचा धुरकट. मग पिवळ्या टबात बोट ठेवून दाखवावं असं काही उरलंच नाही. आणि उंच गेल्यामुळं आणखी एक झालं, जे राजेश्रीच्याही ध्यानात आलं नव्हतं: कडेच्या ओळीतल्या बायकाही आता पुरत्या टबाखाली लपल्या. खळ्यावर माणूस म्हणून कुणी दिसत नव्हतं. नुसते रंगीत गोल. चंद्रकोरी गेल्या होत्या.

"घे," राजेश्री म्हणाली.

हरिओम फोटो घेत राहिला. त्यानं दीर्घ श्वास सोडून "झालं" म्हटल्यावर राजेश्री छपरातून बाहेर पळाली. "झालं, समद्या सावलीत चला." पण बायका लगेच हलल्या नाहीत. टब खाली उतरवून त्या आपापल्या पायांकडं बघत होत्या. सावली खरंच नव्हती. बबितानं एक पाय उचलला, ठेवला. दिल्लीवाल्यांची गंमत वाटलेली म्हातारी उन्हातच स्वतःभोवती एक गिरकी घेऊन आली. तानुबाई गुडघा धरून उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा एखादी अवघड पायरी ओलांडल्यावर असायचा तसा होता.

फोटो बघायला लिंबाखाली झुंबड उडाली. प्रत्येकीला आपला टब शोधायचा होता. भुजंगराव सगळ्यांत शेवटी आले, पडद्याकडं नुसतं बघत राहिले, आणि नकळत त्यांचं बोट पुढं झालं. कोपऱ्यातल्या पिवळ्यावर टेकलं आणि एक घर सरकलं. काही हललं नाही. तानुबाईंनी सुनेकडं पाहिलं. राजेश्रीला तेव्हाच कळलं की फोटो जमलाय.

या वेळी तिनं मूळ फोटो जपून ठेवले. स्पर्धेला पाठवले, आणि ग्रुपवरही टाकले. सोबत खळ्यावर टब घेऊन चाललेल्या बायकांचा रामहरीनं काढलेला व्हिडिओ. मग सिद्धोधन सरांचा प्रश्न आला, "ड्रोनची सावली कुठे गेली?" राजेश्रीनं घारीचं लिहून पाठवलं. थोड्या वेळानं ग्रुपचं चित्र बदललेलं दिसलं. जुन्या दुर्बिणीच्या जागी पिंगळीचं खळं होतं. खाली सरांनी लिहिलं होतं, "मागच्या वर्षीचा बाटलीचा फोटोही खरा होता, हे आता मान्य करतो. तो परत पाठवाल का?"

स्पर्धेचा निकाल लागला तेव्हा राजेश्री रानात होती. फोन रामहरीनं उचलला. तो बांधाबांधानं पळत आला आणि धापा टाकत म्हणाला, "पहिला. तुजा पहिला आला." तिच्या हातातलं खुरपं तसंच राहिलं. त्यानंच ते काढून घेतलं, बाटलीचं झाकण उघडलं आणि पाणी तिच्यापुढं धरलं.

निवडलेल्या फोटोंचं प्रदर्शन गावोगाव फिरत परभणीला आलं. पिंगळीहून बचत गटाच्या बायका रेल्वेनं निघाल्या. भुजंगरावही टोपी चढवून आले. हॉलमध्ये शिरल्या शिरल्या समोरच्या भिंतीवर त्यांचा पट होता, दारापेक्षा उंच. खाली लिहिलं होतं: 'बिनसावलीचा पट. छायाचित्र: राजेश्री. मांडणी: तानुबाई.' दुसरं नाव घातल्याशिवाय फोटो लावू नका, असं राजेश्रीनं संस्थेला फोन करून सांगितलं होतं.

तानुबाईंना वाचता येत नव्हतं. बबितानं वाचून दाखवलं. त्यांनी आपल्या नावावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "ह्ये माजं हाय व्हय." मग बराच वेळ त्या तिथून हलल्या नाहीत. कॉलेजच्या मुली येऊन विचारत होत्या की हे कसं केलं. तानुबाई त्यांना चाल समजावत होत्या, राजेश्री सूर्य समजावत होती. फोटोच्या काचेवर एका कोपऱ्यात इतकी बोटं उमटली होती की तिथला माणूस फडकं घेऊनच उभा होता.

शेवटी राजेश्रीला माईकसमोर बोलावलं. तिनं काही लिहून आणलं नव्हतं. घारीचं सांगितलं, चंद्रकोरीचं सांगितलं, आणि दिल्लीचं सांगितलं तेव्हा मागच्या खुर्च्यांवरून तिच्या गावच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, जणू तो शोध त्यांनीच लावला होता. माईकचा आवाज पुढ्यातून परत तिच्याच कानावर येत होता. तो आपलाच आहे हे तिला ओळखू आलं, आणि तो आता थरथरत नव्हता.

परतीच्या पॅसेंजरमध्ये बायकांनी अर्धा डबा भरून टाकला. भेळ फिरत होती, गाणी म्हटली जात होती. पुढं जाणारा एक प्रवासी हा गलका बघून बबिताला म्हणाला, "लगीन व्हतं का मावशी कुणाचं?"

"लगीन न्हाई," बबिता म्हणाली आणि खिडकीशी बसलेल्या सासूसुनांकडं हात केला. "आमी समद्या फोटूत आलाव. परभणीत लागलाय. जाऊन बगून या."